सांगलीतला टीव्ही श्टुटगार्टमध्ये बघायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडील सांगलीत, मुलगी नोकरीसाठी श्टुटगार्टला. घरी केबलचा सेट-टॉप बॉक्स आहे, दर महिन्याला पैसे जातात. तोच टीव्ही जर्मनीत लॅपटॉपवर दिसेल का? कोणीतरी स्लिंगबॉक्स (घरचा टीव्ही इंटरनेटवरून लांब दाखवणारा डबा) घ्या म्हणतंय, तो घ्यावा का? खर्च किती, आणि यात बेकायदेशीर काही नाही ना?

दिसेल. मी सांगली-मिरज भागात आधी केबलच्या जोडण्या केल्या, मग डिशच्या छत्र्या बसवल्या, आणि गेली बरीच वर्षं सीसीटीव्ही आणि नेटवर्कचं काम करतो. असे टीव्ही बाहेरगावी पोचवण्याचं काम अधूनमधून येतंच. चित्र जर्मनीत पोचवणं अवघड नाही. अवघड असतं ते सांगलीच्या घरात. तिथे बॉक्सशेजारी राहणारी माणसं आहेत, त्यांच्या सवयी आहेत, आणि त्यांना त्याच वेळी त्यांची मालिका बघायची आहे. म्हणून आधी घराचा विचार करा, यंत्रं नंतर.

पहिली गोष्ट, तुम्हाला नक्की काय बघायचं आहे? आई बघते ती साडेआठची मालिका तुमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी पाच वाजता लागते, आणि ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की चार वाजता. तेव्हा तुम्ही ऑफिसात असणार. थेट प्रक्षेपण घरून ओढून आणलं तरी बघणार कधी? मालिकांसाठी हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा त्या वाहिनीचं ॲप जर्मनीत मिळतं का बघा, आणि मिळत असेल तर वर्गणीदार व्हा. मालिका तिथे नंतर सवडीने बघता येतात. सह्याद्री हवी असेल तर प्रसार भारतीचं वेव्ह्ज ॲप आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालेलं. आधी ते उघडून बघा. एक रुपया खर्च न होता तुमचं काम झालं असेल तर उत्तम, पुढचं वाचूच नका.

खरी गरज मला दोनच प्रकारची दिसली आहे. एक म्हणजे गावची केबल वाहिनी. गणपतीची मिरवणूक, जत्रा, नगरपालिकेची सभा, शाळेचं स्नेहसंमेलन, वाढदिवसाच्या जाहिराती. ऑपरेटरच्या खोलीतून निघालेली ही वाहिनी कुठल्याही मोठ्या ॲपवर नसते. काही ऑपरेटर आता ती यूट्यूबवरही टाकतात, तेव्हा आधी एक फोन करून विचारा. दुसरी गरज अशी, की आई-बाबा जे बघत आहेत तेच, त्याच वेळी, फोन कानाला लावून बघायचं. सामना चालू आहे, बाबा तिकडून ‘आउट!’ म्हणतात, इकडे पाच सेकंदांनी दांडी उडते. हसू नका. असं बघण्यासाठी लोकांनी माझ्याकडून काम करून घेतलं आहे आणि पैसे वसूल झाले म्हणून सांगितलं आहे.

आता स्लिंगबॉक्स. घेऊ नका. जुन्या बाजारात फुकटात मिळाला तरी नको. कॅलिफोर्नियातल्या ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन या भावांना प्रवासात असताना आपल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे बेसबॉल सामने बघायचे होते, त्यातून ही वस्तू निघाली. २००५ मध्ये अमेरिकेत अडीचशे डॉलरला बाजारात आली. कल्पना साधी आणि अजूनही तीच आहे: घरच्या बॉक्समधून चित्र आणि आवाज घ्यायचा, तो आकसून लहान करायचा, इंटरनेटवरून पाठवायचा, आणि उलट दिशेने रिमोटची कळ पाठवून वाहिनी बदलायची. २००७ मध्ये एकोस्टारने ती कंपनी विकत घेतली. नोव्हेंबर २०२० मध्ये विक्री थांबली आणि ९ नोव्हेंबर २०२२ ला सर्व्हर बंद झाले. लोकांच्या घरी चांगले चालते बॉक्स त्या दिवशी ठोकळे झाले, कारण घरातला बॉक्स कुठे आहे हे ॲपला कंपनीच्या सर्व्हरकडूनच कळायचं. यातला धडा एवढाच, की वस्तू अशा घ्या ज्यांचा एक दुवा तुटला तर तेवढाच बदलता येईल.

म्हणून आपण तेच काम सुट्या भागांनी करायचं.

पहिला भाग, बॉक्समधून चित्र काढणं. बॉक्सच्या मागे एचडीएमआय असतं, आणि बहुतेकांना तेच सुचतं. एचडीएमआयची कॅप्चर स्टिक (चित्र संगणकात घेणारी काडी) आणून लावली की पडदा काळा येतो आणि लोक मला फोन करतात, स्टिक खराब निघाली म्हणून. स्टिक चांगली असते. बॉक्स एचडीएमआयवरून जे पाठवतो ते एचडीसीपी नावाच्या कुलपात असतं आणि त्याची किल्ली फक्त टीव्हीकडे असते. हे कुलूप काढणारे डबे बाजारात मिळतात. ते मी बसवत नाही, का ते खाली कायद्यात सांगतो.

मग उरतं एव्ही. पिवळा, पांढरा, लाल. चित्र एसडीचं, ७२० बाय ५७६, पण गावच्या केबल वाहिनीचं चित्र मुळात तेवढंच असतं, त्यामुळे काही गमावत नाही. आणि एक सोय अशी, की बहुतेक बॉक्समध्ये एचडीएमआय आणि एव्ही दोन्ही एकाच वेळी चालू असतात. आईच्या टीव्हीला एचडीएमआय तसंच राहू द्यायचं, आपण मागून एव्ही घ्यायचं. तिच्या टीव्हीची एकही वायर हलत नाही. घरात भांडण होऊ नये यासाठी हे फार महत्त्वाचं आहे.

इथे एक फसगत नेहमी होते. नव्या छोट्या बॉक्सवर तीन भोकं नसतात, साडेतीन मिलिमीटरचं एकच भोक असतं, हेडफोनसारखं. त्यात जाणाऱ्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे चार कड्या. कुठल्या कडीवर चित्र, कुठल्या कडीवर जमीन (ग्राउंड), याचा क्रम कंपनी-कंपनीत वेगळा. दुसऱ्या बॉक्सची केबल लावली तर पिवळ्यात गुणगुण ऐकू येते आणि चित्र लाल टोकात सापडतं. चित्र नाही दिसलं तर केबल फेकण्याआधी तिन्ही टोकं एकेक करून पिवळ्याच्या जागी लावून बघा. क्रम जमिनीचाच चुकला असेल तर मात्र कशातच धड चित्र येत नाही, तेव्हा त्याच बॉक्सची केबल ऑपरेटरकडून मागून घ्या.

दुसरा भाग, ते चित्र इंटरनेटवर चढवणं. याचे तीन रस्ते मी वापरले आहेत.

सगळ्यात स्वस्त आणि माझा आवडता रस्ता सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या डब्याचा. हे पुस्तकात सापडणार नाही, पण आमच्या धंद्यात माहीत असलेलं आहे. आजकालचे बहुतेक चार चॅनेलचे डीव्हीआर नव्या कॅमेऱ्यांबरोबर जुना साधा ॲनालॉग कॅमेराही घेतात. साधा ॲनालॉग कॅमेरा म्हणजे पिवळ्या वायरीतून येतो तोच सिग्नल. त्यामुळे एव्हीच्या पिवळ्या टोकाला बीएनसीचा (कॅमेऱ्याच्या वायरीच्या पिनेचा) कन्व्हर्टर लावायचा, वीस-तीस रुपयांची वस्तू, आणि तो डीव्हीआरच्या पहिल्या चॅनेलला खुपसायचा. पांढरं टोक ऑडिओ इनला. डीव्हीआरला वाटतं कॅमेरा लागला. नेटची वायर लावा, मोबाइलवर त्या डीव्हीआरचं ॲप घ्या, क्यूआर स्कॅन करा, झालं. पडद्याच्या कोपऱ्यात ‘कॅमेरा ०१’ आणि तारीख-वेळ दिसते, ती सेटिंगमधून बंद होते. ॲपमध्ये सबस्ट्रीम (हलकं चित्र) ऐवजी मेनस्ट्रीम (पूर्ण चित्र) निवडा, नाहीतर माणसांचे चेहरे पुसट दिसतात.

याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे डीव्हीआर रेकॉर्ड करतो, तेच तर त्याचं काम. दोन एमबीपीएसने दिवसाला साधारण २१-२२ जीबी होतात, म्हणजे एक टीबीच्या डिस्कमध्ये महिनाभराहून जास्त टीव्ही मागे मागे साठलेला राहतो. तुम्ही रात्री जेवताना ॲपमध्ये सांगलीच्या साडेआठवर पट्टी सरकवायची आणि बघायचं. वेळेच्या फरकाचा प्रश्न तिथेच सुटला. खोट एकच: आवाज. बरेच डीव्हीआर आवाज टेलिफोनच्या दर्जाचाच साठवतात. बोलणं स्वच्छ कळतं, पण ढोलताशा पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. गाण्याच्या कार्यक्रमासाठी हा रस्ता नको.

दुसरा रस्ता, घरात पडलेला जुना लॅपटॉप. २०११ नंतरच्या बहुतेक इंटेल लॅपटॉपमध्ये चित्र आकसण्याचं काम करणारा भाग चिपमध्येच असतो, त्यामुळे तो तापत नाही. एव्हीची यूएसबी कॅप्चर स्टिक लावायची, ओबीएस किंवा एफएफएमपेग हे चित्र पाठवणारं सॉफ्टवेअर चालवायचं. इथे आवाज चांगला येतो. लॅपटॉपची बॅटरी थोडीफार जिवंत असेल तर लाईट गेल्यावर तो बंद पडत नाही, हा वरचा फायदा. एकच काळजी घ्या: एव्हीचं चित्र ओळींच्या दोन पाळ्यांमध्ये येतं, एकदा विषम ओळी, एकदा सम. ते तसंच पाठवलं तर बातम्यांची खालून पळणारी पट्टी करवतीच्या दात्यांसारखी दिसते. ओबीएसमध्ये डीइंटरलेस नावाची निवड आहे, एफएफएमपेगमध्ये ‘यादिफ’ नावाचं फिल्टर आहे, ते चालू करा. लॅपटॉप नसेल आणि रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्यायचा विचार असेल तर ४ नंबरचा घ्या. ५ नंबरचा नवा आणि वेगवान असला तरी त्यातून एच.२६४ पद्धतीने चित्र आकसणारा भाग काढून टाकला आहे. दुकानदार हे सांगत नाही.

तिसरा रस्ता तयार एन्कोडरचा, म्हणजे चित्र आकसून नेटवर पाठवणाऱ्या डब्याचा. वायर लावायची, पत्ता भरायचा, विसरून जायचं. दर्जा चांगला, किंमतही तशी. एका घरासाठी मला तो जड वाटतो.

आता रिमोट. इथपर्यंत चित्र आलं, पण वाहिनी सांगलीत जी लागली आहे तीच दिसणार. वाहिनी बदलायला वायफायवर चालणारा इन्फ्रारेड ब्लास्टर मिळतो, लिंबाएवढा ठोकळा. बॉक्ससोबत आलेल्या रिमोटच्या कळा त्याला शिकवायच्या, मग तुमच्या मोबाइलवरून त्या दाबता येतात. बॉक्सचा रिमोट ब्लूटूथवाला असेल तर हा ठोकळा उपयोगाचा नाही, आधी तपासा. मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्यापुढे धरा आणि कळ दाबा. जांभळट ठिपका लुकलुकला तर इन्फ्रारेड. काही मोबाइलचा मागचा कॅमेरा तो ठिपका गाळतो, मग सेल्फीच्या कॅमेऱ्याने बघा.

आणि इथेच खरा गुंता सुरू होतो. बॉक्स एक, तर वाहिनी एक. तुम्ही श्टुटगार्टमधून बातम्या लावल्या की सांगलीत आईच्या मालिकेत ऐन वेळी बातम्या सुरू होतात. एका घरी हे दोन दिवस चाललं. आईंना वाटलं बॉक्समध्ये भूत आहे, त्यांनी ऑपरेटरला बोलावलं, त्याने बॉक्स बदलून दिला, आणि नव्या बॉक्सचं आमचं सगळं पुन्हा करावं लागलं. मुलाने घरी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे वाहिनी बदलायची असेल तर दुसरा बॉक्स घ्या. त्याच घरातल्या दुसऱ्या टीव्हीच्या जोडणीला ऑपरेटर सहसा पहिल्यापेक्षा कमी घेतो, विचारून बघा. आणि तो दुसरा बॉक्स पहिल्याच्या शेजारी ठेवू नका. दोन्ही एकाच कंपनीचे असल्यामुळे तुमचा ठोकळा जो हुकूम देईल तो दोघेही पाळतात. वेगळ्या खोलीत ठेवा, नाहीतर ब्लास्टर बॉक्सच्या डोळ्यासमोर ठेवून दोघांवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला. दिसायला भिकार, पण चालतं. फक्त खोक्याला मागून हवा जायला भोकं पाडा, बॉक्स गरम होतो.

बॉक्सच्या मेनूत आपोआप स्टँडबायला जाण्याची सोय असेल तर ती आधी बंद करा. चार-पाच तास कोणी कळ दाबली नाही की बॉक्स झोपतो आणि तुम्ही काळा पडदा बघत बसता.

नेटवर्कचा भाग लोकांना सगळ्यात अवघड वाटतो. मला नाही वाटत, पण एक गोष्ट समजून घ्यावी लागते. पूर्वी राऊटरमध्ये पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडलं की बाहेरून घरात येता यायचं. आता घरगुती फायबरच्या बऱ्याच जोडण्यांना स्वतःचा पत्ता मिळत नाही. चाळीचं समजा. पाटीवर चाळीचा एकच नंबर, आत चाळीस बिऱ्हाडं. आतून कोणीही पत्र टाकू शकतं आणि त्याचं उत्तरही परत येतं, कारण मॅनेजरने नोंद ठेवलेली असते. पण बाहेरून पहिल्यांदाच आलेलं पत्र कोणत्या खोलीचं, हे पोस्टमनला कळत नाही. तो ते फेकून देतो. याला सीजीनॅट म्हणतात. घरच्या राऊटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही चाळीत राहता. गावच्या ऑपरेटरकडून नेट घेतलं असेल तर तिथे १० किंवा १९२.१६८ सुद्धा दिसेल. तेही तसंच.

डीव्हीआरच्या ॲपला याची अडचण नाही, कारण तो आतून कंपनीच्या सर्व्हरशी स्वतःच बोलणं सुरू करतो. लॅपटॉपच्या रस्त्याला टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर वापरा. सांगलीच्या लॅपटॉपवर आणि तुमच्या लॅपटॉपवर एकाच खात्याने ते बसवायचं, दोघांमध्ये खासगी बोगदा तयार होतो. त्यात प्रत्येक यंत्राला मिळणारा पत्ताही १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातलाच असतो. सीजीनॅट समजून घाबरू नका, हा वेगळा. मघाशी मी म्हणालो की दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून राहू नका, आणि टेलस्केलही एका कंपनीचंच आहे, हे खरं. पण ती उद्या बंद झाली तरी त्याच्या खालचं वायरगार्ड नावाचं तंत्र सगळ्यांना मोकळं आहे, भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर तुम्ही तेच पुन्हा उभं करू शकता. लॅपटॉप ठोकळा होत नाही.

जोडल्यावर टेलस्केलचं स्टेटस बघा. ‘डायरेक्ट’ लिहिलं असेल तर छान. ‘रिले’ लिहिलं असेल तर चित्र मधल्या तिसऱ्याच सर्व्हरला वळसा घालून येतंय आणि अडखळणार. जर्मनीतल्या बऱ्याच घरगुती जोडण्या डीएस-लाइटच्या असतात, म्हणजे तुम्हीसुद्धा चाळीतच. दोन चाळींमध्ये थेट बोलणं जमवायचा सोपा उपाय म्हणजे दोन्हीकडे आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू करणं. तुमच्याकडे ते बहुधा असेलच, सांगलीच्या राऊटरमध्ये बंद केलेलं असतं. चालू केलं की रिलेचं डायरेक्ट झालेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

कोणी म्हणालं ‘स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा पत्ता) घ्या आणि डीव्हीआरचं पोर्ट उघडून ठेवा’, तर नको म्हणा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरससारख्या प्रोग्रामने जगभरातले असेच उघडे डीव्हीआर आणि कॅमेरे पकडले होते. त्यासाठी त्याला फार हुशारी लागली नाही, लोकांनी कारखान्यातला पासवर्ड बदललाच नव्हता. तुमच्या डीव्हीआरचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

वेग किती लागतो? एव्हीच्या चित्राला दीड ते दोन एमबीपीएस अपलोड पुरतं. लक्षात ठेवा, सांगलीचा अपलोड, तुमचा डाउनलोड नव्हे. तासाला साधारण ९०० एमबी जातात. फायबरवर हे काहीच नाही. घरी फक्त मोबाइलचं हॉटस्पॉट असेल तर मात्र हा नाद सोडा. आणि डीव्हीआर किंवा लॅपटॉपपासून राऊटरपर्यंत नेटची वायर (पॅच कॉर्ड) टाका, वायफाय नको. जुन्या दगडी भिंतींमधून वायफाय जातं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कधी कधी सगळं बरोबर असूनही चित्र अडखळतं. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ समुद्राखालच्या सी-मी-वी ४ आणि आयएमईडब्ल्यूई या केबल तुटल्या, तेव्हा भारतातून तिकडे जाणारा ओघ रखडला होता. मी एका घरी राऊटर तीनदा रीसेट केला आणि संध्याकाळी बातम्यांत कळलं की दुखणं तांबड्या समुद्रात आहे.

आता घर. मिरजेतल्या एका गृहस्थांच्या मुलासाठी मी लॅपटॉपवालं सगळं लावून दिलं. रोज रात्री दहाच्या सुमारास जोडणी तुटायची आणि सकाळी सहाला परत यायची. मी आठवडाभर शोधत होतो. बॅटरी मेलेली होती, ॲडॉप्टर बदलला, राऊटरचं सॉफ्टवेअर नवं केलं, नेट कंपनीच्या माणसाशी वाद घातला. शेवटी एका रात्री तिथेच थांबलो. दहा वाजता आजोबा उठले, देवाला नमस्कार केला, गॅसचं बटण बघितलं, कडी लावली आणि जाता जाता टीव्हीच्या बोर्डावरची सगळी बटणं खटाखट बंद केली. चाळीस वर्षांची सवय. टीव्ही चालू ठेवून झोपणारा माणूस त्यांच्या मते बेजबाबदार. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बॉक्स, लॅपटॉप आणि राऊटर तिघांची वायर ओढून फ्रिजच्या बोर्डावर नेली. फ्रिजचं बटण मराठी घरात कोणी बंद करत नाही. तेव्हापासून तक्रार नाही. आता मी पहिल्याच भेटीत विचारतो, फ्रिज कुठे आहे?

लाईट जाऊन आली की बॉक्स आपल्या पहिल्या वाहिनीवर जाऊन बसतो, किंवा लाल दिवा लावून झोपतो. राऊटर आणि फायबरच्या डब्याला बारा व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस लावा, त्यावर ते दोघे दोन-तीन तास तगतात. बॉक्सही बारा व्होल्टचाच असेल तर तोही त्यावर चालतो, पण ॲडॉप्टरवरचा आकडा वाचल्याशिवाय पिन लावू नका. मे अखेरीस वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की आईला फोन करून केबलची वायर बॉक्समधून काढायला सांगा. वीज घरावर पडावीच लागत नाही, खांबाजवळ पडली तरी वायरीतून येते आणि बॉक्स, डीव्हीआर, राऊटर सगळे एकाच माळेत असल्यामुळे एकाच दणक्यात जातात. मी एका जूनमध्ये असे तीन घरचे डीव्हीआर उचलून आणले आहेत.

तुम्हाला सह्याद्री आणि मोफत वाहिन्याच पुरत असतील आणि ॲपवर विसंबायचं नसेल, तर एक चौथा रस्ता आहे आणि तो मला मनापासून आवडतो. डीडी फ्री डिशची छत्री, जीसॅट-१५ उपग्रहाकडे, ९३.५ अंश पूर्व. तिच्यातल्या बऱ्याच वाहिन्यांना कुलूप नाही. छत्रीची वायर यूएसबीच्या डीव्हीबी-एस२ ट्यूनरला (उपग्रहाचा सिग्नल संगणकात घेणाऱ्या काडीला) द्यायची आणि छोट्या संगणकावर टीव्हीहेडएंड नावाचं सॉफ्टवेअर चालवायचं. बॉक्स नाही, रिमोट नाही, ब्लास्टर नाही. वेळ लावून रेकॉर्डिंग होतं, मूळ दर्जात. शिवाय उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरवर (एका प्रक्षेपकावर) अनेक वाहिन्या एकत्र येतात, त्यामुळे एकाच ट्यूनरवर एकाच वेळी दोघांना दोन वाहिन्या मिळू शकतात. घरात आधीच फ्री डिशचा बॉक्स असेल तर वायर साध्या स्प्लिटरने फोडू नका. बॉक्स आणि ट्यूनर दोघेही त्याच वायरीतून एलएनबीला (छत्रीसमोरच्या डोळ्याला) व्होल्टेज देतात, आणि ते जुळलं नाही तर वाहिन्या गायब होतात. दोन तोंडांचा एलएनबी लावा. सांगलीच्या मुसळधार पावसात चित्र फुटेल ते फुटेलच, या लहरींचा, केयू बँडचा, तो स्वभाव आहे. खासगी डीटीएचच्या वाहिन्या मात्र या रस्त्याने उघडत नाहीत, त्या कंपनीच्या कार्डाशिवाय बंद.

कायद्याचं. मी वकील नाही, धंद्यात जे पाळतो ते सांगतो. तुमच्या घरची जोडणी, तिचं चित्र, घरच्याच एका माणसाने बघणं, एवढ्यावर थांबा. ऑपरेटरच्या अर्जात घरगुती वापराबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा. एचडीसीपीचं कुलूप काढणारा डबा मी लावत नाही, कारण आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं आहे. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. हेतू कोणता होता, यावर कोर्टात वाद घालायची माझी हौस नाही.

आणि दुसऱ्यासाठी करू नका. माझ्याकडे एकजण आला होता: तुमच्या दुकानात वीस बॉक्स ठेवा, दुबईतल्या आपल्या लोकांना महिन्याने देऊ. जपानमध्ये नेमकं हेच झालं होतं. मानेकी टीव्ही नावाची सेवा ग्राहकांचेच सोनीचे लोकेशनफ्री बॉक्स (स्लिंगबॉक्ससारखे) आपल्या जागेत ठेवून, अँटेना जोडून, त्यांना बाहेरून टीव्ही दाखवायची. प्रत्येक बॉक्स ग्राहकाच्याच मालकीचा, एका बॉक्समधून एकालाच चित्र, हा त्यांचा युक्तिवाद. १८ जानेवारी २०११ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. अमेरिकेत अँटेनावरचा टीव्ही नेटवर दाखवणाऱ्या एरिओ कंपनीने तर प्रत्येक ग्राहकाला नखाएवढी वेगळी अँटेना दिली होती. २५ जून २०१४ ला तेही सर्वोच्च न्यायालयात हरले, सहा विरुद्ध तीन. त्या माणसाला मी चहा पाजून परत पाठवला.

खर्चाचा अंदाज: डीव्हीआर डिस्कसकट साधारण सात-आठ हजारांच्या घरात, घरात जुना पडलेला असेल तर फक्त कन्व्हर्टरचे वीस रुपये. दुसरी जोडणी, ब्लास्टर आणि मिनी यूपीएस धरून आणखी तीन-साडेतीन हजार. लॅपटॉप तुमचाच असेल तर त्या रस्त्याला हजारात काम होतं, पण तो सांभाळायला सांगलीत कोणीतरी लागतं.

काही विकत घेण्याआधी बाबांना तीन फोटो पाठवायला सांगा: बॉक्सची मागची बाजू, राऊटरच्या पानावरचा वॅनचा पत्ता, आणि टीव्हीजवळचा वीजेचा बोर्ड. आणि आईला आत्ताच सांगून ठेवा, की अधूनमधून वाहिनी आपोआप बदलली तर ती मीच आहे.